आधी नोंद, मग रोप : बिडकीनच्या देशी झाडांचा हिशेब

मृग नक्षत्र लागले की गावोगाव वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. खड्डे खणले जातात, मान्यवरांच्या हस्ते रोप लावले जाते, फोटो निघतो आणि पाहुणे चहा घेऊन परततात. आमच्या वस्तीतही एका वर्षी आम्ही असाच कार्यक्रम केला. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी अशी जी फुकट मिळाली ती पंचवीस रोपे लावली. पुढच्या उन्हाळ्यात मोजली तेव्हा सहा उरली होती. आम्ही बँकेत लेखनिक. जमा किती आणि शिल्लक किती हे पाहण्याची सवय हाडीमाशी खिळलेली. पंचवीस जमा आणि सहा शिल्लक, हा हिशेब मनाला लागला. त्यानंतर जे वाचले, पाहिले आणि जुन्या माणसांकडून शिकलो, ते या लेखात समाजबांधवांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

देशी झाड कशाला म्हणावे?

आपल्या मातीत आणि आपल्या पावसात पूर्वापार आपोआप वाढत आलेले झाड ते देशी झाड. आपल्या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाने स्वतःच्या बळावर काढायचे असतात. कडुलिंब, बाभूळ, हिवर, बोर, पळस, करंज, बहावा, वड, पिंपळ, उंबर ही झाडे या जगण्याला सरावलेली आहेत. याउलट गुलमोहर मूळचा मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ मेक्सिकोकडची.

परदेशी म्हणून कोणत्याही झाडाचा द्वेष करण्याचे कारण नाही. आपली मिरची आणि पपईदेखील अमेरिकेतूनच आली. प्रश्न एवढाच आहे की, झाड उभे राहिल्यावर त्याच्या आश्रयाने कोण जगते?

एका झाडाचे कुटुंब

उंबराचे उदाहरण घेऊ. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो त्याच्या आत त्याची बारीक फुले दडलेली असतात. त्या फुलांचे परागीभवन गांधीलमाशीच्या कुळातला एक अगदी सूक्ष्म कीटक करतो. तो त्याच फळात जन्मतो आणि पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे जातो. वड आणि पिंपळ यांचेही असेच आपापले कीटक आहेत. झाड नाही तर कीटक नाही, आणि कीटक नाही तर झाडाला बी नाही. शिवाय ही झाडे सर्व एकाच वेळी फळत नाहीत. त्यामुळे रान कोरडे पडते तेव्हाही कुठे ना कुठे पाखरांना खायला मिळते. आपला राज्यपक्षी हरियाल मुख्यतः याच फळांवर जगतो.

फुलपाखरांचेही तसेच आहे. उकिरड्याजवळ वाढणाऱ्या रुईच्या पानांवर पट्ट्यापट्ट्यांची अळी दिसते. तिचेच पुढे नारिंगी रंगाचे 'बिबळ्या कडवा' हे फुलपाखरू होते. २०१५ साली महाराष्ट्राने 'राणी पाकोळी' हे राज्य फुलपाखरू ठरविले. तिच्या अळ्या लिंबू-बेलाच्या कुळातील झाडांची पाने खातात. पानाला अळी लागली की आपण लगेच औषध फवारतो. परंतु बहुतेक लहान पक्षी पिलांना अळ्या-किडेच भरवतात. ज्या पानाला एकही अळी तोंड लावीत नाही, ते पान चिमण्यांच्या पिलांच्या काय उपयोगाचे?

सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेने वड लावल्याची आणि आमराया वाढविल्याची नोंद करून ठेवली आहे. त्यात सावली माणसांसाठी आणि पशूंसाठी असे दोघांचेही नाव आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या हिशेबात मुक्या जीवांचे खाते वेगळे धरले होते, हे आपण विसरता कामा नये.

शहरांनी काय केले?

शहरात आता काही उरले नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. तेथे माती आणून झाडे वाढविण्यात आली आणि १९९४ साली महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून ती जागा लोकांसाठी खुली झाली. ३७ एकरांच्या त्या जंगलात आज शाळेची मुले पक्षी आणि फुलपाखरे पाहण्यास जातात.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण खाम नदीचे. जटवाड्याच्या डोंगरातून येऊन पाणचक्कीजवळून वाहणारी ही नदी छत्रपती संभाजीनगर शहरात नाला होऊन बसली होती. २०२१ च्या सुमारास महानगरपालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था, व्हॅरॉक ही कंपनी आणि नागरिक यांनी मिळून तिच्या काठाचा कचरा काढण्यास आणि देशी झाडे लावण्यास सुरुवात केली. २०२४ साली शहरांसाठीच्या एका जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीत या कामाची निवड झाली. नदी पूर्ण निर्मळ झाली असे नव्हे. पण चार हात एकत्र आले म्हणजे नाल्याच्या काठीही झाड उभे राहते, एवढे सिद्ध झाले.

बिडकीनची वेळ आताच आहे

आपले बिडकीन आता नुसते पैठण रस्त्यावरचे बाजाराचे गाव राहिलेले नाही. ७,८५५ एकरांच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. कारखाने यावेत, आपल्या मुलांना काम मिळावे, हे आम्हालाही हवे आहे. मात्र शेताच्या बांधावरची बोर, बाभूळ, हिवर आणि पळस कोणी मुद्दाम लावलेले नव्हते, म्हणून ते गेले तरी कोणत्याही कागदावर दिसणार नाहीत. बँकेत ज्या रकमेची नोंद नाही, ती रक्कम हरवल्याची तक्रारही करता येत नाही. झाडांचेही तसेच आहे.

याचा अनुभव आम्हाला घरच्या अंगणातच आला. वस्तीच्या मोकळ्या जागेला भिंत घालावयाचे ठरले. आखणीच्या रेषेत एक जुना उंबर येत होता. तो तोडावा असे बैठकीत जवळजवळ नक्की झाले होते, आणि होकार देणाऱ्यांत आम्हीही होतो. तेव्हा मागे बसलेल्या एक आजी उठून म्हणाल्या, "अरे बाबांनो, भिंत जराशी वाकडी घ्या. भिंत वाकडी झाली म्हणून कुणी उपाशी मरत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही झाडाखाली जाऊन उभे राहिलो. अर्ध्या तासात बुलबुल, मैना, कोकीळ, खारी येऊन गेल्या. भिंत वाकडी घेतली. उंबर उभा आहे. आमची उरलेली सहा रोपेही उभी आहेत, पण त्यांच्यापाशी एवढी वर्दळ अजून आम्ही पाहिलेली नाही.

आपण काय करावे?

१. प्रथम नोंदवही करावी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. आपल्या गावची वही मागून पाहावी आणि आपल्या आळीतील झाडे तीत आहेत का ते तपासावे. झाड कोणते, कोठे, फूल-फळ कोणत्या महिन्यात, त्यावर कोण येते, एवढे रकाने पुरेत. लिहिण्याचे काम मुलांकडे आणि सांगण्याचे काम आजी-आजोबांकडे द्यावे.

२. रोपे विकत घेण्याऐवजी बी गोळा करावे. लिंबोळीची उगवण्याची ताकद काही आठवड्यांतच जाते, म्हणून ती पडताच पेरावी. बहाव्याच्या बीचे कवच टणक असते; ते गरम पाण्यात भिजवून लावावे.

३. जागा पाहून झाड निवडावे. वड-पिंपळ भिंतीजवळ, विहिरीजवळ लावू नयेत. मुळे बांधकाम फोडतात. अंगणात बेल, लिंबू, कढीपत्ता आणि रस्त्याकडेला कडुलिंब, करंज लावावेत.

४. पंचवीस रोपांऐवजी पाचच लावावीत, पण प्रत्येक रोप एका कुटुंबाच्या नावे लिहून तीन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी द्यावी. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण शेळ्यांपासून रक्षण करते.

५. पालापाचोळा जाळू नये. तो झाडाच्या बुंध्याशी ठेवावा. त्याचेच खत होते आणि ओल टिकते.

यात फार पैसा लागत नाही. एक शंभर पानी वही, एक पेन आणि रविवारची सकाळ लागते. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीची वही लिहून पूर्ण व्हावी आणि त्यातील पहिल्या पानावर वाकड्या भिंतीजवळच्या उंबराची नोंद असावी, अशी आमची इच्छा आहे. ज्यांना या कामात येणे शक्य आहे, त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी त्याच झाडाखाली भेटावे. वही घेऊन आम्ही तेथे असू.