नामदार गोखले आणि मिठावरील कर

शेकडेवारीचीं उदाहरणें सोडवितांना “याचा आम्हांस पुढें काय उपयोग?” असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. ज्या एका शिक्षकानें या प्रश्नाचें उत्तर आपल्या कृतीनेंच दिलें, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. हे शिक्षक म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. वडील लवकर वारले आणि थोरल्या बंधूंनीं नोकरी करून धाकट्याचें शिक्षण चालविलें. एकेक पैसा कसा जपावा लागतो हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलांत शिकवीत असतां त्यांनीं शाळांकरितां अंकगणिताचें पुस्तक तयार केलें व पुढें ते फर्ग्युसन कॉलेजांत प्राध्यापक झाले. १८९९ मध्यें ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले आणि त्यानंतर कलकत्त्यास भरणाऱ्या व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेकौन्सिलाचे सभासद झाले.

या कौन्सिलांत लोकांच्या बाजूनें बोलणाऱ्यांस अधिकार कितीसा होता? १८९२ च्या कायद्यानें सभासदांस सरकारच्या जमाखर्चावर बोलण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली होती. परंतु उत्तर असमाधानकारक वाटल्यास उपप्रश्न विचारतां येत नसे, आणि अंदाजपत्रकावर मतें घेतलीं जात नसत. सभागृहांत सरकारी अधिकाऱ्यांचें बहुमत असे. म्हणजे गोखल्यांच्या हातीं मत नव्हतें. फक्त सत्य, आंकडे आणि वाणी एवढींच साधनें होतीं.

२६ मार्च १९०२ रोजीं त्यांनीं अंदाजपत्रकावर आपलें पहिलें भाषण केलें. अध्यक्षस्थानीं लॉर्ड कर्झन होते आणि जमाखर्चाचें खातें सर एडवर्ड लॉ यांच्याकडे होतें. सरकारी तिजोरींत सात कोटी रुपयांची शिल्लक पडली होती व त्याबद्दल चोहोंकडून अभिनंदन चाललें होतें. या अभिनंदनांत मला मनापासून सामील होतां येत नाहीं, अशा आशयाच्या शब्दांनींच गोखल्यांनीं आरंभ केला. १८९६–९७ व १८९९–१९०० असे दोन भयंकर दुष्काळ देशानें नुकतेच सोसले होते. प्रजा अन्नास महाग झाली असतां सरकारची पेटी भरते, याचा अर्थ काय?

गोखल्यांनीं तो अर्थ उलगडून दाखविला. सरकारास दरवर्षीं इंग्लंडांत मोठी रक्कम पौंडांत द्यावी लागे. रुपयाचा भाव उतरत गेल्यामुळें त्या रकमेसाठीं अधिकाधिक रुपये लागूं लागले व तूट भरून काढण्यासाठीं कर वाढविण्यांत आले. १८८८ मध्यें मिठावरील कर मणामागें दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर गेला. पुढें १८९३ मध्यें टांकसाळी लोकांच्या रुप्यास बंद झाल्या आणि कांहीं वर्षांनीं रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिरावला. अडचण दूर झाली. परंतु अडचणीसाठीं बसविलेले कर मात्र तसेच राहिले. तेव्हां ही शिल्लक देशाच्या भरभराटीची नसून जरूरीपेक्षां अधिक घेतलेल्या करांची आहे, आणि ती कर कमी करून लोकांस परत मिळाली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें.

आतां पाटी घ्या. त्या काळीं ४० शेरांचा मण व १६ आण्यांचा रुपया असे. मणास अडीच रुपये कर, म्हणजे ४० शेरांस ४० आणे. अर्थात् शेरास १ आणा. उदाहरणादाखल पांच माणसांच्या घरीं वर्षास २५ शेर मीठ लागतें असें धरूं. त्या घरानें २५ आणे कर भरला. घराचें वार्षिक उत्पन्न ५० रुपये असेल, तर तो उत्पन्नाचा बत्तिसावा भाग झाला. म्हणजे शंभर रुपयांमागें ३ रुपये २ आणे. शेजारच्या धनिकाचें उत्पन्न ५,००० रुपये धरा. श्रीमंत झाला म्हणून तो मीठ कांहीं शंभरपट खात नाहीं. त्याचेहि आणे पंचवीसच. म्हणजे शंभर रुपयांमागें अवघा अर्धा आणा! कराचा दर दोघांस एकच, परंतु ओझें एकास दुसऱ्याच्या शंभरपट. साड्या-दागिन्यांचा खर्च अडचणीच्या दिवसांत टाळतां येतो. भाकरीबरोबरचें मीठ टाळतां येत नाहीं.

असें भाषण एका रात्रींत तयार होत नाहीं. गोखल्यांस आंकड्यांच्या कामीं गणेश व्यंकटेश जोशी या मुख्याध्यापकांचें मोठें साहाय्य होतें. सरकारी अहवाल बारकाईनें वाचून त्यांतील आंकडे पडताळण्यांत जोशींचा हातखंडा असे. सभागृहांत उभे राहिले ते गोखले. परंतु त्यांच्यामागें एका शाळामास्तराचे कष्ट उभे होते.

या काळजीचें आणखी एक कारण होतें. १८९७ मध्यें इंग्लंडांत असतां, पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्ताविषयीं पत्रांतून आलेल्या मजकुरावर विश्वासून गोखल्यांनीं गोऱ्या सोल्जरांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर ते पुराव्यानें सिद्ध करतां येईनात. तेव्हां त्यांनीं उघडपणें माफी मागितली. लोकांनीं त्यांची फार निर्भर्त्सना केली. परंतु त्या कडू अनुभवानंतर पांच वर्षांच्या आंतच हे गृहस्थ साम्राज्याच्या प्रतिनिधीसमोर असे आंकडे घेऊन उभे राहिले.

फळ काय मिळालें? १९०३ मध्यें मिठाचा कर दोन रुपये झाला, १९०५ मध्यें दीड रुपया आणि १९०७ मध्यें एक रुपया. १९०३ मध्येंच प्राप्तीवरील कराची माफी ५०० रुपयांऐवजीं १,००० रुपयांपर्यंत वाढली व लहान कारकून-दुकानदारांस दिलासा मिळाला. हें सर्व एकट्या गोखल्यांनीं घडविलें असें म्हणणें योग्य होणार नाहीं; तथापि त्यांनीं हा विषय कौन्सिलांत नेटानें लावून धरला, हें निर्विवाद आहे. आपल्या उदाहरणांतील गरीब घराचे २५ आणे १९०७ मध्यें १० आण्यांवर आले. उरलेल्या १५ आण्यांचें मोल त्या घरच्या माउलीस विचारावें!

सगळेंच मात्र साधलें नाहीं. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें त्यांचें बिल १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं नापास झालें. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. १९१६ मध्यें मिठाचा कर पुन्हां चढला, १९२३ मध्यें तो वर्षभर अडीच रुपयांवर गेला, १९३० मध्यें महात्मा गांधींनीं दांडीस तोच कायदा मोडला, आणि १९४७ मध्यें तो कर अखेर रद्द झाला.

आज आपल्या राज्यघटनेप्रमाणें कायद्याच्या आधाराशिवाय कोणताहि कर बसवितां येत नाहीं, आणि लोकसभेंत मंत्र्यांस उपप्रश्नहि विचारतां येतात. गोखल्यांस जो अधिकार नव्हता तो आज आपल्या प्रतिनिधींस आहे. परंतु प्रश्नास वजन येतें तें आवाजानें नव्हे, तर पडताळून पाहिलेल्या हिशेबानें. म्हणून आईबापांस विनंती कीं, त्यांनीं महिन्यांतून एकदां घरखर्चाची वही मुलांपुढें उघडावी. आणि मुलांनीं त्यांतील कोणत्या जिनसेवर किती कर पडला हें शोधून काढावें. सरकारास हिशेब विचारूं इच्छिणाऱ्यानें प्रथम आपल्या घरचा हिशेब चोख मांडावयास शिकलें पाहिजे.