पाणी पायरीला लागायच्या आधी

अगं, माहेरी आपण टँकरपुढं घागरी लावून मोठ्या झालो. पाऊस म्हटलं की आपल्याला तो कमीच पडायचा. आता पंचगंगेकाठच्या गावात तुझा पहिला पावसाळा, म्हणजे पूर तुला अजून टीव्हीतलाच वाटत असणार. म्हणून जून उजाडायच्या आत चार गोष्टी सांगून ठेवते.

पिशवी-बिशवी भरायचं नंतर बघू. आधी घर सोडायचा आकडा ठरव. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, हे पावसाळ्यात तुझ्या गावात चहाच्या आधी विचारतात, बघशीलच. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पण हे सगळ्यांसाठीचे आकडे झाले. तुझ्या घराचा आकडा तुझ्या मामंजींकडं असणार. ते भिंतीवरची खूण दाखवून म्हणतील, "२००५ ला इथपर्यंत आलेलं, याच्यावर येत नाही." अशाच खुणांच्या भरवशावर २०१९ ला कितीतरी माणसं घरात बसून राहिली आणि शेवटी माळ्यावर, पत्र्यावर चढली. २००५ ला पाणी पन्नास फुटांच्या आसपास होतं. २०१९ ला ते पंचावन्नच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, पुन्हा तेवढं चढलं. पण मामंजींना उलट बोलू नकोस. त्यांनाच विचार, "गावातून बाहेर जायच्या रस्त्यावर पाणी येतं तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट असतं?" त्यांना तोंडपाठ असेल, आणि सून विचारते म्हणून हौसेनं सांगतील. त्यातून दोन-तीन फूट वजा कर. तो तुझा आकडा. तेवढं पाणी झालं की दिवसाउजेडी निघायचं, मग अंगण कोरडं असलं तरी.

रस्त्याचा आकडा का विचारायला सांगते? कारण घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी रस्ता बुडतो, आणि मग बोटीशिवाय गत्यंतर नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीकडं ब्रह्मनाळला माणसांनी गच्च भरलेली बोट उलटली. बायका, लेकरं गेली. ती माणसं घर सोडायला तयार झाली होती गं, फक्त तोवर रस्ता उरला नव्हता. आणि दिवसाउजेडी का? तर वरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, रात्र आहे का दिवस हे बघत नाहीत.

घरात एक जण म्हणणारच, "तुम्ही व्हा पुढं, मी थांबतो घराकडं." चोरीची भीती खोटी नाही. त्यावर उपाय एकच, दागिने मे महिन्यातच बँकेच्या लॉकरला जाऊ देत. राखायला काही उरलं नाही की माणूस हलतो.

आता पिशवी. एकच, आणि तुला उचलता येईल एवढीच. रेशनकार्ड, आधार, पासबुकं, सातबारा, विम्याचे कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड मेणबत्तीवर चिकटव, आणि ती पिशवी डब्यात ठेव. सगळ्या कागदांचे फोटो काढून बाहेरगावच्या एकाच्या मोबाइलवर धाडून दे, मलाच धाड. आत्याबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. इन्शुलिन असेल तर माठाजवळ थंड राहील असा डबा बघून ठेव. तुझे पॅड विसरू नकोस. छावणीत ते मागायला जिवावर येतं. बटणाचा जुना फोन चार्ज करून ठेव आणि नंबर कागदावर लिही, कारण मोबाइल बंद पडला की आपल्याला नवऱ्याचासुद्धा नंबर आठवत नाही.

निघताना मेन स्विच बंद. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपण लाव आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला बांध. तो पाण्यात तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो. जनावरं आपल्या आधी हलवायची. अगदीच जमलं नाही तर दावी सोडायची. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं.

पिण्याचं पाणी आधी भरून ठेव. हसू नकोस, पुरातच पाण्याचे हाल होतात. २०१९ ला उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि कोल्हापूर शहरभर नळ कोरडे पडले. तेव्हा तिथल्या बायका टँकरपुढं आपल्यासारख्याच रांगेत उभ्या.

पूर ओसरल्यावरचं कुणी सांगत नाही, तेही ऐक. पाणी उतरायला लागलं की त्याच पाण्यानं खराट्यानं गाळ बाहेर लोटायचा. दोन दिवस थांबलीस तर तो वाळून फरशीला असा बसतो की खुरप्यानं खरवडावा लागतो. पण खराटा हातात घ्यायच्या आधी प्रत्येक खोलीचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट, फोटो काढ. पंचनाम्याला आणि विम्याला तोच पुरावा. बुडालेली गाडी चालू करून बघू देऊ नकोस. इंजिन जाईल आणि विमा कंपनीला नाही म्हणायला निमित्त मिळेल. काठी आपटल्याशिवाय कोपऱ्यात, कपाटामागं हात घालायचा नाही, साप तिथंच बसलेले असतात. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नकोस. नंतर ताप आला तर अंगावर काढायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तो लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो.

जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, ॲम्ब्युलन्सचा १०८. दोन्ही फ्रीजवर चिकटव. आणि आज संध्याकाळी मामंजी चहाला बसले की तेवढा रस्त्याचा आकडा विचारून मला फोन कर.