असाध्य पीडेंतील जनावराची सुटका

कळमनुरी तालुक्यांत कयाधूकांठीं आमची शेती आहे. मागें एका पावसाळ्यांत आमचा लाल कंधारी बैल ओल्या उतारावर गाडीसुद्धां घसरला व मागल्या पायाची नळी मोडून हाड कातडीबाहेर आलें. आम्हीं जखमेंत हळद भरली, कामट्या बांधल्या आणि चार दिवस वाट पाहिली. बैलानें रवंथ सोडला, तो दांत खाऊं लागला, जखमेंत अळ्या पडल्या. पांचव्या दिवशीं डॉक्टर आले. पहिल्याच दिवशीं बोलाविलें असतें तर ह्याचे चार दिवस टळले असते, एवढेंच ते म्हणाले. ते चार दिवस आमच्या भिडेचे होते. प्रस्तुत लेख लिहिण्यास तेंच कारण झालें.

ही भीड थोरांसही सुटलेली नाहीं. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य वेदनांनीं तळमळत होतें. गांधीजींनीं सर्व उपाय थकल्यावर डॉक्टरांकडून विषाची सुई देववून त्यास सोडविलें. त्यावर देशभर टीकेचें काहूर उठलें. त्यांनीं तिला आपल्या पत्रांतून उघड उत्तर दिलें.

परंतु घाईही नको. बरें होणारें दुखणें असाध्य समजून जनावर गमावणें हा उलट दिशेचा तितकाच मोठा प्रमाद होय. व्यालेली गाय एकदोन दिवसांत खालीं बसली, मान कुशीकडे वळवून निपचित पडली, तर तो बहुधा दुग्धज्वर असतो. शिरेंतून कॅल्शियम मिळतांच अशी गाय कित्येकदां कांहीं तासांत उठून उभी राहते. शिंगाचा कर्करोग आरंभीं शिंग मुळासकट काढल्यानें आटोक्यांत येऊं शकतो. वासराच्या गुडघ्याखालचें हाड कातडी न फाटतां मोडलें असेल तर तें प्लास्टरमध्यें चांगलें जुळतें. चारशें किलो वजनाच्या बैलाची गोष्ट निराळी. वरच्या भागाचें हाड मोडून बाहेर आलें व जखम दूषित झाली, तर तीन पायांवर तो महिनोगणती उभा राहूं शकत नाहीं. आणि पडून राहिला तर स्वतःच्याच भारानें खालच्या कुशीचे स्नायू मरूं लागतात. कणा मोडून मागलें अंग लुळें पडल्यासही आशा थोडीच. शंका असेल आणि जनावर हलविण्याजोगें असेल, तर परभणीस १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथें न्यावें.

पिसाळलेल्या जनावराविषयीं मात्र शंका उरत नाहीं. लक्षणें दिसल्यावर त्यावर इलाज नाहीं. लाळ गळते म्हणून घशांत कांहीं अडकलें असावें असें समजून पुष्कळ जण तोंडांत हात घालतात. हें कदापि करूं नये.

सुटका करण्याची रीत डॉक्टरांचीच आहे. प्रथम शिरेंतून थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटाल देऊन जनावर पूर्ण बेशुद्ध करतात. मग त्याच औषधाची वाढीव मात्रा, किंवा मॅग्नेशियम सल्फेटचें अथवा पोटॅशियम क्लोराइडचें तीव्र द्रावण देतात. हीं द्रावणें शुद्धीवरच्या जनावरास देणें म्हणजे छळ होय. हृदयाचा ठोका व श्वास थांबून, बुबुळास बोट लावलें तरी पापणी हलत नाहीं, हें पाहिल्यावरच काम संपलें असें समजावें. कीटकनाशक पाजणें, उपाशी ठेवणें, रानांत सोडून येणें ह्यांस दया हें नांव देतां येणार नाहीं. शेवटला प्रकार तर देवभोळ्या घरांतूनच अधिक घडतो!

कायद्याचें भय अनेकांस वाटतें. महाराष्ट्रांत गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानें व बैल-वळूंची मार्च २०१५ पासून बंद आहे. तथापि प्राणिक्रौर्य प्रतिबंधाचा १९६० चा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या १३ व्या कलमाप्रमाणें, मरणप्राय जखमी किंवा रोगी जनावराचा धनी हजर नसेल वा नकार देत असेल, तर शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी पशुवैद्यास बोलावितो. जिवंत ठेवणें हेंच क्रौर्य असा दाखला मिळाल्यास मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें त्यास मारतां येतें. धनी स्वतः राजी असला तरी सरकारी डॉक्टरांचा लेखी दाखला आधीं घ्यावा, गोवंश असल्यास पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी, आणि विमा असेल तर कंपनीस पूर्वीं कळवावें. मागाहून कानांतला बिल्ला व शवविच्छेदनाचा दाखला मागतात. जानेवारी २०२१ मध्यें परभणी तालुक्यांत मुरुंबा येथें बर्ड फ्लू ठरल्यावर सरकारी पथकांनीं आसपासच्या कोंबड्या मारिल्या. तो रोग रोखण्याचा उपाय होता. आमच्या विषयाशीं त्याची गल्लत नको.

आतां मढ्याविषयीं. ह्या औषधांचा अंश मांसांत राहतो. तें खाणारीं कुत्रीं व गिधाडें मरतात. डायक्लोफिनॅकनें गिधाडांचा संहार झाला म्हणून २००६ सालीं जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी आली, हें वाचकांस ठाऊक असेलच. म्हणून मढें उघड्यावर टाकूं नये. विहीर व ओढा यांपासून दूर सहा फूट खड्डा घेऊन पुरावें, वर चुना पसरावा व काटेरी फांद्या दाबाव्या. खड्डा डॉक्टर येण्यापूर्वींच तयार असावा. आम्हीं तो ठेविला नव्हता; भर पावसांत काळ्या मातींत खणतांना अर्धी रात्र गेली, आणि जोडीचा दुसरा बैल गोठ्यांतून सारखा हंबरत होता.