हंगाम संपला की खरा हिशेब सुरू होतो
मुंबई इंडियन्सच्या संघबांधणीतून व्यापाऱ्याने घ्यावयाचा धडा

व्यापारी बांधवांनो, चांदरातीची गर्दी ओसरली, लग्नसराईही आटोपली की आपल्या गुलमंडी, सिटी चौक, शहागंजच्या दुकानांत सुस्ती येते. मालक गादीवर रेलतो, नोकर थान झटकत बसतात. आपण म्हणतो, आता मंदी आहे, करण्यासारखे काही नाही. वास्तविक वर्षभराचा नफा-नुकसान याच रिकाम्या दिवसांत ठरत असतो. कोणता माणूस ठेवायचा, कोणता माल काढायचा, गल्ल्यात किती रोकड राखायची, हे भर हंगामात सुचत नाही.

ही गोष्ट क्रिकेट संघांच्या उदाहरणावरून चांगली समजते. खेळावर पैसे लावणे हा निराळा आणि बरबादीचा मार्ग आहे, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपल्याला पाहायचा आहे तो संघमालकांचा हिशेब.

१२० कोटींची थैली

२०२४ च्या आयपीएल स्पर्धेत मुंबई इंडियन्सचा संघ दहा संघांत शेवटचा आला. १४ पैकी फक्त ४ सामने जिंकले. त्यानंतर मोठा लिलाव होणार होता. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा १२० कोटी रुपये. मालक कितीही श्रीमंत असो, त्यापुढे एक रुपया खर्च करता येत नाही. खेळाडू किमान १८, जास्तीत जास्त २५, त्यांत परदेशी आठच.

शेवटच्या क्रमांकावर आलेल्या व्यापाऱ्याने काय केले असते? रागाच्या भरात सगळे नोकर बदलले असते! मुंबईने तसे केले नाही. जसप्रीत बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार यादव आणि हार्दिक पांड्या प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहित शर्मा १६ कोटी ३० लाख आणि तिलक वर्मा ८ कोटी, असे पाच जण कायम ठेवले. एकूण ७५ कोटी. म्हणजे शंभरातले साडेबासष्ट रुपये पाच माणसांवर गेले आणि उरलेल्या ४५ कोटींत बाकी सगळा संघ उभा करायचा होता.

२४ व २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरेबियातील जेद्दाह येथे लिलाव झाला. मुंबईने तेथे १८ खेळाडू घेतले. ट्रेंट बोल्ट साडेबारा कोटी, दीपक चहर सव्वानऊ कोटी, विल जॅक्स आणि नमन धीर प्रत्येकी सव्वापाच कोटी, अफगाणिस्तानचा अल्लाह गझनफर ४ कोटी ८० लाख. या पाच जणांवर ३७ कोटी ५ लाख गेले. राहिलेले १३ खेळाडू मिळून अवघ्या ७ कोटी ७५ लाखांत घेतले. शेवटी थैलीत २० लाख उरले.

म्हणजे माल तीन थरांत विभागला गेला. वरचा थर भरवशाचा, मधला गरजेचा, खालचा स्वस्त पण पारखून घेतलेला.

तीस लाखांचा माल

खालच्या थराकडे लक्ष द्या. विघ्नेश पुथूर हा केरळमधील रिक्षाचालकाचा मुलगा. राज्याच्या मुख्य संघातूनही तो खेळला नव्हता. ३० लाखांत घेतला आणि पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नईचे तीन गडी बाद केले. अश्वनी कुमारही ३० लाखांचाच. ३१ मार्च २०२५ रोजी, आपण येथे ईद साजरी करत होतो त्याच दिवशी, त्याने वानखेडेवर पहिल्या सामन्यात चार गडी घेतले. ज्याच्या अंगावर किमतीची चिठ्ठी लागलेली नाही असा गुण ओळखणे, यालाच पारख म्हणतात.

अमेरिकेत बेसबॉल या खेळात २००२ साली हेच घडले. ओकलंडच्या संघाचे वर्षाचे पगारपत्रक सुमारे ४ कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजचे सुमारे साडेबारा कोटी. ओकलंडचे तीन मोठे खेळाडू जास्त पैसे देणाऱ्यांकडे निघून गेले होते. त्यांच्या व्यवस्थापकांनी पाहिले की सगळे जण जोरदार फटका मारणाऱ्याला भाव देतात, पण बाद न होता पहिल्या टप्प्यावर पोहोचणाऱ्याला कोणी विचारत नाही. त्यांनी असे खेळाडू स्वस्तात घेतले. कोपराच्या दुखापतीमुळे जुनी जागा गमावलेल्या स्कॉट हॅटेबर्गला त्यांनी नव्या जागी उभे केले. वर्षअखेर दोन्ही संघांचे विजय सारखेच, १०३! पुढच्या बाद फेरीत मात्र दोघेही पहिल्याच टप्प्यात हरले, हेही सांगितले पाहिजे.

मी केलेली चूक

आता नमन धीरकडे या. २०२४ मध्ये तो २० लाखांचा खेळाडू होता. लिलावात दुसऱ्यांनी बोली वाढवली. मुंबईकडे अखेरच्या बोलीइतकी रक्कम देऊन आपला माणूस परत घेण्याचा एक हक्क शिल्लक होता. तो त्यांनी त्याच्यासाठी वापरला आणि सव्वापाच कोटी मोजले.

हे वाचले तेव्हा मला माझा एक पोरगा आठवला. माझ्या काउंटरवर सहा वर्षे होता. थान उलगडायची त्याची एक ढब होती, ग्राहक बाई काय शोधते आहे हे तिने सांगण्याआधी त्याला कळे. एका रमजाननंतर तो म्हणाला, "चाचा, दुसरीकडे दोन हजार जास्त देतात." मी म्हणालो, "जा बेटा, मुले पुष्कळ मिळतात." मुले मिळाली. पण पुढच्या ईदला माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतली कित्येक घरे त्याच्या मागे गेली. ज्या हंगामात मी त्याचे दोन हजार वाचवले, त्याच हंगामात लग्नाच्या भारी मालात जवळजवळ सगळे भांडवल गुंतवून बसलो होतो. सुती सुटांची मागणी आली तेव्हा सुरतेला पाठवायला हातात रोकड नव्हती. तो भारी माल पुढे पडत्या भावाने काढावा लागला. माणसावर कंजुषी आणि मालावर उधळपट्टी, अशी माझी उलटी संघबांधणी होती.

नक्कल कोठपर्यंत?

दहा लाखांचे भांडवल असेल तर या हिशेबाने सहा लाख बारमाही चालणाऱ्या मालात, तीन लाख हंगामी मालात आणि साठ हजारांपर्यंत नव्या नमुन्यांत घालता येतील. परंतु संघासारखी थैली रिकामी करू नका. लिलाव संपल्यावर त्यांना रोज खरेदी करायची नसते, आपल्याला करायची असते. म्हणून निदान एक लाख बाजूला ठेवून वरचे आकडे त्या प्रमाणात कमी करा. व्याजाच्या पैशापासून दूर राहणाऱ्याला तर ही रोकडच तारते.

त्यांची मर्यादा मंडळ ठरवते. बेसबॉलमध्ये कडक मर्यादा नाही, ठरावीक रकमेपुढे गेल्यास कर भरावा लागतो. २०२५ साली ती रक्कम २४ कोटी १० लाख डॉलर होती. आपल्याला मात्र कोणी थांबवत नाही. उधारीवर माल मिळत राहतो आणि आपण घेत राहतो. तेव्हा आपली मर्यादा आपणच वहीवर लिहून ठेवली पाहिजे.

कारागीर बांधवांनीही विचार करावा. हिमरूच्या मागावर नक्षी बांधणारा जाणकार निघून गेला तर तशी जागा वर्षभरात भरत नाही. त्याला मंदीतही निम्मे काम द्या, उचल द्या, पण सोडू नका. आणि त्याच्या हाताखाली एक नवा मुलगा आजच बसवा.

निकाल काय लागला?

२०२५ मध्ये मुंबई दहाव्या स्थानावरून चौथ्या स्थानी आली. सूर्यकुमारने ७१७ धावा केल्या, बोल्टने २२ गडी घेतले. गझनफर मात्र दुखापतीमुळे खेळूच शकला नाही. १ जूनला पंजाब किंग्जने मुंबईला हरवले. याच पंजाबने फक्त दोन खेळाडू ठेवून, साडेएकशेदहा कोटी घेऊन लिलावात नवा संघ उभारला होता. तोही अंतिम सामना हरला.

तात्पर्य, एकच रस्ता बरोबर असे नाही. ज्याच्याकडे भरवशाची माणसे आहेत त्याने ती राखावी, ज्याच्याकडे नाहीत त्याने हिंमतीने नवी घ्यावी. पण आपल्याकडे काय आहे हे आधी माहीत पाहिजे. या मंदीत एका संध्याकाळी दुकान तासभर लवकर बंद करा. वही उघडा आणि तीन रकाने पाडा: कोण ठेवायचे, काय काढायचे, किती राखायचे. पहिल्या रकान्यात ज्याचे नाव येईल, त्याला पगारवाढीची गोष्ट तो मागण्याआधी तुम्हीच सांगा.