वादळानंतरचें ऐकणें

पाहावयास कोणास शिकवावें लागत नाहीं. ऐकणें मात्र शिकावें लागतें, आणि तें आम्ही बऱ्याच उशिरां, श्रीवर्धन येथें शिकलों. ३ जून २०२० रोजीं भर दुपारीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या टापूंत, चढून आलें. ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांस सांगावयाचें आहे तें तो थांबल्यानंतरचें.

सायंकाळीं दार उघडूं गेलों तों तें उघडेना; ओटीवर माड आडवा पडला होता. दिवे गेलेले, दूरध्वनि मुका. डोळ्यांचें काम संपलें, म्हणून कान देऊन बसलों. प्रथम सर्वत्र शांतता आहे असें वाटलें. पण ती शांतता नव्हती. वळचणीचें पाणी टपटपत होतें, सैल झालेला पत्रा कोठेंतरी राहून राहून खडखडत होता, डबक्यांत बेडूक ओरडूं लागले होते, आणि या सर्वांखालीं समुद्राची गाज होती, जणूं लाटा परसांतच फुटत आहेत.

विद्यार्थीमित्रांनो, ती एवढी जवळ कां वाटावी? वारा पडला तरी त्यानें उठविलेल्या लाटा लागलीच निवत नाहींत. पुढें कित्येक तास त्या किनाऱ्यावर येत राहतात. हें एक कारण झालें. दुसरें असें कीं, एक आवाज दुसऱ्यास झांकीत असतो. शास्त्राच्या तासाला हें आम्हांस पाठ होतें; कळलें मात्र त्या दिवशीं. आमचें घर व समुद्र यांच्यामध्यें माडापोफळींच्या वाड्या होत्या. त्यांच्या झावळ्यांची सळसळ जन्मभर कानांवर होती, म्हणूनच ती आम्ही कधीं ऐकली नव्हती. आतां ती नव्हती. पोफळी कांहीं मुळांसकट, कांहीं मध्येंच मोडून पडल्या होत्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर ज्यांचा संसार चालतो, त्यांना नव्या रोपाचें फळ पाहावयास पांचसहा वर्षें तरी थांबावें लागतें.

अंधार पडल्यावर शेजारच्या वाडींतील काकूंस हांका मारल्या. उत्तर आलें नाहीं. वय पंचाहत्तरीच्या पुढें, घरांत एकट्या, आणि कानांनीं मंद. रात्र कशी गेली तें लिहीत नाहीं.

उजाडतां उजाडतां कोयत्यांचे व कुऱ्हाडींचे घाव ऐकूं येऊं लागले. माणसें वाट मोकळी करीत होतीं. (पुढें यांत्रिक करवती आल्या. त्यांचा कर्कश आवाज एरव्हीं आम्हांस सोसवत नाहीं. त्या आठवड्यांत तो गोड वाटला.) दोन घावांच्या मध्यें शेजारीं कांहींतरी किरकिरलें. वीज नाहीं, म्हणजे पंप बंद. आणि पंप बसविल्यापासून काकूंच्या विहिरीवरील कप्पी कोणी फिरविली नव्हती. ती गंजलेली कप्पी फिरत होती. मग पोहरा पाण्यावर आपटला, आणि त्यापाठोपाठ काकूंचें खोकणें ऐकूं आलें.