अपाचींच्या पठारावरील हिरवे रत्न

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात सॅन कार्लोस हा अपाची आदिवासींचा राखीव प्रदेश आहे. तेथील रखरखीत पठारावर काळ्या पाषाणाचा थर पसरलेला असून त्याच्या पोटात पेरिडॉट हे पोपटी झाक असलेले रत्न सापडते.

पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हीन या खनिजाचा रत्नयोग्य प्रकार होय. त्याचा हिरवा रंग त्यातील लोहामुळे येतो. भूकवचाखालील प्रावरणात हे खनिज विपुल आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकात लाव्हारसाने त्याचे गोळे वर वाहून आणले. मात्र गोळा फोडला असता बहुतेक कण बारीक वा तडकलेले निघतात. ५ कॅरटांहून मोठा निर्दोष खडा क्वचितच हाती येतो.

येथील उत्खननाचा हक्क केवळ अपाची जमातीच्या लोकांना आहे. कुटुंबेच्या कुटुंबे पहार, छिन्नी व हातोडा घेऊन खडक फोडतात आणि कच्चे खडे व्यापाऱ्यांना विकतात. जगाच्या बाजारपेठेला या पठाराने दीर्घकाळ मोठा पुरवठा केला. १९९० च्या दशकात पाकिस्तानातील कोहिस्तानच्या दुर्गम पर्वतांतून टपोरे खडे बाजारात येऊ लागले व स्पर्धा वाढली.

कच्च्या खड्याला खरे मोल येते ते पैलू पाडल्यावर. भूमीवरील हक्क जमातीकडे राहिला, ही मोलाची गोष्ट आहे. पैलू पाडण्याचे कौशल्यही खाणीपाशीच जितके रुजेल, तितके त्या हक्काचे फळ खणणाऱ्यांच्या पदरी पडेल.