काट्याचा कौल

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

कपिलधारेहून धाडलेले पत्र पावले. हौशी बिनतारी केंद्राचा परवाना हाती आला, उभा बहुपट्टी अँटेना रोवून झाला, आणि 40, 20, 15 व 10 मीटर या चारही पट्ट्यांवर एसडब्ल्यूआरचा, म्हणजे स्थायी तरंग गुणोत्तराचा, काटा जवळजवळ एकावर येऊन टेकला, असे तू मोठ्या हर्षाने कळवितोस. परवान्याबद्दल तुझे मनःपूर्वक अभिनंदन. काट्याची कैफियत मात्र मला तितकीशी विश्वसनीय वाटली नाही.

पाव तरंगलांबीचा दांडा आदर्श भूमीवर उभा असेल, तर त्याचा रोध पायथ्याशी सुमारे 36 ओहम भरतो. केबल 50 ओहमची, सबब गुणोत्तर 1.4 च्या आसपास यावयास हवे. ते एकावर आले, याचा अर्थ बहुधा असा की मधले 14 ओहम जमिनीने आपल्या पदरचे घातले, आणि तुझ्या प्रेषकाच्या शक्तीचा चतुर्थांशाहून अधिक भाग डोंगरातील मुरमाला ऊब देण्यात खर्ची पडत आहे. 40 मीटरवर तर दांड्यावरील ट्रॅपमधील, म्हणजे पट्ट्या वेगळ्या करणाऱ्या मंडलांमधील, वेटोळ्यांमुळे दांडा आखूड होतो, त्याचा प्रारणरोध याहूनही उतरतो आणि त्या प्रमाणात हानी वाढते. केबलीच्या टोकाला नुसता 50 ओहमचा डमी लोड जोडलास तरी काटा एकावरच येईल, आणि तुझी हाक जवळच्या मांजरसुंब्यापर्यंतही पोचणार नाही.

तेव्हा दांड्याला हात लावण्यापूर्वी भूमीची तजवीज कर. बालाघाट डोंगररांगेचा बेसॉल्ट विद्युतवाहनाच्या कामी कृपण. त्यावरची माती पातळ, आणि उन्हाळ्यात तीही कोरडी ठणठणीत. पायथ्यापासून चहूकडे तांब्याच्या तारा पसर. जमिनीवर पडलेल्या तारा मोजून कापण्याचे कारण नाही, कारण मातीच्या सान्निध्यात त्यांचा अनुनाद विरून जातो, आणि चार लांब तारांपेक्षा सोळा आखूड तारा बहुधा अधिक उपकारक ठरतात. दांडा धाब्यावर चढविलास तर मात्र प्रत्येक पट्टीसाठी पाव तरंगलांबीच्या तारा मोजूनमापून लावाव्या लागतील. तारा वाढतील तसतसे गुणोत्तर एकापासून वर सरकेल. तो चढ शुभ समज, आणि नव्या तारांनी आकडा हलेनासा झाला की थांब. सर्व तारा खिळ्यांनी मातीत पक्क्या दाब, कारण कपिलधारेच्या कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत त्यांत भाविकांचे पाय अडकले तर लोक अनुनादाची चौकशी करावयास येणार नाहीत.

मग जुळवणी. आरंभ 10 मीटरपासून, म्हणजे सर्वांत खालच्या, सुमारे अडीच मीटरच्या तुकड्यापासून करावा. त्या पट्टीवर पहिला ट्रॅप वरच्या सगळ्या दांड्याला व्यवहारातून बाद करतो. नंतर 15, मग 20, आणि शेवटी 40. खालच्या तुकड्यात केलेला फेरफार वरच्या प्रत्येक पट्टीचा हिशेब बदलतो, वरचा फेरफार खालच्यांना फारसा बाधत नाही. उलट क्रमाने गेल्यास काम संपत नाही. गुणोत्तराचा नीचांक इष्ट वारंवारितेच्या खाली पडला तर तुकडा लांब आहे असे समजून थोडा आत घे, वर पडला तर बाहेर काढ. मापन शक्यतो दांड्याच्या पायथ्याशी कर. केबलीच्या दुसऱ्या टोकाशी घेतलेली मापे केबलीच्या लांबीनेच विकृत होतात. आणि प्रत्येक नोंदीपुढे महिना लिही, कारण श्रावणातील ओल्या मातीवरचा आकडा वैशाखात टिकत नाही, आणि तेवढ्यासाठी दरवेळी दांडा उतरविणे हा व्यर्थ खटाटोप आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात कोठेच आलेली नाही. कपिलधार खोऱ्यात वसली आहे. उभा अँटेना आपली ऊर्जा क्षितिजालगत फेकतो. दूरदेशीच्या संभाषणाला तो गुण, पण भोवती डोंगरकडा असेल तेथे तोच दोष. शिवाय लातूर-पुण्याशी बोलावयाचे झाल्यास त्याचे परावर्तित तरंग बहुधा डोक्यावरून निघून जातील. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने किल्लारी कोसळली, तेव्हा हौशी बिनतारी चालकांनी जे निरोप वाहिले, त्यांसारख्या कामाला जवळचाच पल्ला लागतो. त्यासाठी 40 मीटरचा, दोहो बाजूंना दहा-दहा मीटर तारेचा आडवा डायपोल पाच-सहा मीटर उंचीवर टांग. तो ऊर्जा वर धाडतो, आणि आयनांबर ती आसपासच्या जिल्ह्यांवर परत उतरविते. दांड्याचा शौक अवश्य कर, पण दोहोंतून एकच ठेवावयाचा झाला तर माझे मत डायपोलला आहे.

दांडा उभारताना तो आडवा पडला तरी विजेच्या तारेला शिवणार नाही एवढे अंतर राख, आणि वळवाचे ढग दिसताच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर भूसंपर्काला जोड. नव्या तारा अंथरल्यावरचे आकडे, चारही पट्ट्यांचे, पुढील पत्री कळव. ते एकाहून चढे असले तरी लपवू नकोस.

तुझा
मामा